परसातला मृग

फोटो काढण्यासाठी घेतलेल्या दुर्बिणीला पहिल्या रात्री कुणी डोळा लावत नाही. डोळ्याच्या जागी कॅमेरा बसलेला असतो, त्याची वायर परसातून पडवीत येते आणि पडवीतल्या लॅपटॉपचा उजेड कमीत कमी करून माणूस पडद्याकडे बघत बसतो. घरी आलेल्यांना हे विचित्र वाटतं आणि त्यांचं वाटणं मला समजतं. पुण्यात टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर, ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या दुर्बिणीतून शनीची कडी मी पहिल्यांदा बघितली ती रांगेत उभं राहून, एक डोळा मिटून, वाकून. १९४४ साली सुरू झालेल्या त्या संस्थेनं कितीतरी पिढ्यांना असं आकाशाकडे वळवलं आहे. तो आनंद मी कधी कमी लेखणार नाही. पण तेजोमेघ आणि दीर्घिका ही दूरच्या आकाशातली मंद, पसरट बिंबं वेगळी. त्यांच्यापुढे डोळा हरतो, कारण डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. क्षणाच्या एका तुकड्यात जेवढा आला तेवढा तो मेंदूकडे धाडतो आणि पुन्हा रिकामा होतो. कॅमेऱ्याचा सेन्सर तीन मिनिटं उघडा ठेवला तर तीन मिनिटांचा प्रकाश त्याच्यात जमून राहतो.

नवी दुर्बीण खोक्यातून बाहेर काढली तेव्हा शेजारचे आप्पा बांधावरून आले होते. आधीच्या दुर्बिणीला त्यांनी अनेकदा हात लावलेला. ते म्हणाले, "मोठी इकून ल्हान घेतलीस व्हय गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आधीची न्यूटनी, १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची. ही ८० मिलिमीटर भिंगाची. प्रकाश गोळा करण्याच्या हिशेबात जुनी हिच्या जवळजवळ साडेतीन पट. तरी मी लहान घेतली ती समजूनउमजून. आमचं घर वाईच्या वरच्या अंगाला, धोम धरणाच्या अलीकडे आहे. रात्री खोऱ्यातून वारा सुटला की न्यूटनीची लांब रुंद नळी थरथरायची आणि तारे रेघांसारखे उमटायचे. आतला छोटा आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे प्रत्येक ठळक ताऱ्याला चार काटे फुटायचे. काही जणांना ते काटे आवडतात. मला ते ताऱ्याचे नसून दुर्बिणीचे वाटतात. शिवाय गाडीतून नेली-आणली की आरसे पुन्हा जुळवायचे. नव्या दुर्बिणीत तीन भिंगं आहेत. त्यांतलं एक अशा काचेचं आहे की रंग फार फाकत नाहीत, त्यामुळे तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश एकाच जागी येऊन मिळतो. साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत ठळक ताऱ्याभोवती जी जांभळी झाक राहते ती इथे राहू नये, अशी अपेक्षा. नाभीय अंतर ४८० मिलिमीटर. माझ्या कॅमेऱ्यात तेवढ्यानं आकाशाचा २.८ अंश लांब आणि १.९ अंश रुंद तुकडा येतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे लांबीत पाच चंद्र शेजारी शेजारी मावतील. देवयानी दीर्घिका इतकी ऐसपैस आहे की तिला या चौकटीतही तिरकं बसवावं लागेल. मोठ्या, पसरलेल्या गोष्टींसाठी लहान दुर्बीण लागते, हे आप्पांना सांगितल्यावर त्यांनी मान हलवली.

आता ध्रुवाची गोष्ट. दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा असतो. मग पृथ्वी जितकी फिरते तितकाच तो उलटा फिरतो, आणि तारे चौकटीत स्थिर राहतात. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १.६ विकला दाखवतो. म्हणजे माउंट एक सेकंद थांबला तरी तारा नऊ-दहा पिक्सेल पुढे. १.६ विकला म्हणजे किती? पंचवीस मिलिमीटर रुंदीचं नाणं सव्वातीन किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढं. ही अचूकता रात्रभर सांभाळायची.

आणि आपल्या अक्षांशावर ध्रुव फार खाली असतो. आमच्याकडे क्षितिजापासून अठरा अंश, उत्तरेच्या डोंगररांगेच्या जरा वर, तोही पुण्याच्या उजेडानं फिकट झालेल्या पट्ट्यात. बहुतेक माउंट युरोप-अमेरिकेतल्या चाळीस-पन्नास अंशांच्या आकाशासाठी आखलेले. अठरा अंशांवर ते झुकवले की तोल सांभाळणारं वजन तिपाईच्या पायाला जाऊन अडतं. तिपाईचा एक पाय नेमका कुठल्या बाजूला ठेवायचा, हे महाराष्ट्रात प्रत्येकजण आपापलं शिकतो. मग ध्रुवतारा सापडला तरी खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा दूर. तो कॅमेऱ्यानं आजूबाजूचे तारे ओळखून शोधायचा. या कामाची मला घाई आवडत नाही. संध्याकाळी, आकाशात अजून निळं शिल्लक असताना, पहिले तारे उमटत जातात आणि एकेक स्क्रू फिरवत आपण त्या अदृश्य बिंदूकडे सरकत जातो, तो पाऊण तास मला साऱ्या रात्रीत सर्वांत प्रिय आहे.

ध्रुवाच्या बाबतीत जे गमावलं ते मृग भरून देतो. मृगातला महातेजोमेघ खगोलीय विषुववृत्ताच्या पाच अंश दक्षिणेला. आमच्या परसातून तो मध्यावर येतो तेव्हा सदुसष्ट अंश उंच असतो, जवळजवळ डोक्यावर. लंडनहून तो तेहेतीस अंशांच्या वर जात नाही. तिथल्या माणसाला तो दाट, थरथरत्या हवेतून बघावा लागतो. आपल्याला इतक्या उंचावर मिळतो याचं मला दर हिवाळ्यात अप्रूप वाटतं. आप्पांच्या तरुणपणी रात्री पाणी द्यायला गेलेले लोक मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांवरून वेळ ओळखत. तिकांडं कुठं आलं बघायचं आणि किती रात्र उरली ते ठरवायचं. त्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली, नुसत्या डोळ्यांना अंधुक दिसणारा एक ठिपका आहे. नवी दुर्बीण पहिल्यांदा तिकडेच वळवली.

फोकससाठी दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क लावला. तिरप्या चिरा पाडलेली ही साधी तबकडी पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकानं २००५ साली सुचवली. तिच्यामुळे ताऱ्याच्या तीन रेषा दिसतात. मधली रेषा बरोबर मध्ये आली की फोकस झाला. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी गोष्ट या छंदात दुसरी नाही. थंडी वाढली की धातूची नळी किंचित आखडते, म्हणून दोन-तीन तासांनी मास्क पुन्हा लावायचा. भिंगावर दहिवर धरू नये म्हणून तोंडाशी गरम पट्टी गुंडाळायची. हे सगळं झालं आणि पहिली फ्रेम पडद्यावर उतरली.

त्या फ्रेममध्ये मी तेजोमेघाकडे बघितलं नाही. मी चारही कोपरे मोठे करून बघितले. दुर्बिणीचा खरा स्वभाव कोपऱ्यात कळतो. मधल्या भागात कुठल्याही भिंगाचे तारे गोल येतात. कडेला ते लांबट होतात, पंख पसरल्यासारखे दिसतात. तसं होऊ नये म्हणून प्रतिमा सपाट करणारं एक जादा भिंग मागे बसवलेलं असतं, आणि त्या भिंगापासून सेन्सर बरोबर ५५ मिलिमीटरवर असावा लागतो. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी कोपरे बोलतात. वरचे दोन कोपरे स्वच्छ होते. खालच्या उजव्या कोपऱ्यातले तारे अगदी थोडे ताणलेले, म्हणजे कॅमेरा केसभर तिरका बसलेला. कागदासारख्या पातळ चकत्या घालून ते दुरुस्त होतं. ते दिवसा करायचं काम. ठळक ताऱ्यांभोवती जांभळं काही नव्हतं. तारे टिंबाएवढे, आपापल्या रंगाचे. एवढं बघून मला भरून आलं, आणि मग मी चौकटीच्या मध्याकडे गेले.

मृगाच्या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरानं ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला. न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्ज-ऑन-हडसनला वडिलांच्या जागेवर त्यानं स्वतःची वेधशाळा बांधली होती, म्हणजे परसच म्हणायचं. अकरा इंची भिंगाची दुर्बीण, काचेवरची कोरडी प्लेट आणि एक्कावन्न मिनिटं. दोन वर्षांनी त्यानं १३७ मिनिटांचा फोटो घेतला, आणि त्याच वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. १८८३ मध्ये लंडनच्या ईलिंग भागात अँड्र्यू एन्स्ली कॉमन या इंजिनिअरनं, तोही हौशी, छत्तीस इंची आरशानं त्याच तेजोमेघाचा फोटो काढला. त्यात असे तारे उमटले की जे तोवर कुणी कुठल्याही दुर्बिणीतून डोळ्यानं बघितले नव्हते. माझ्या मते खगोलशास्त्रातला तो मोठा दिवस आहे. यंत्रानं माणसाच्या बघण्याची नुसती नोंद ठेवायची, हे तिथे संपलं. यंत्र पुढे गेलं आणि माणूस मागून बघू लागला. आज एका खेड्याच्या परसात ड्रेपरपेक्षा कितीतरी लहान भिंगानं, तीन मिनिटांत, त्याच्या प्लेटवर नव्हतं इतकं काही उतरतं. याचं श्रेय सेन्सरचं. माझं त्यात काही नाही. पण ड्रेपर ज्या उत्कंठेनं प्लेट धूत असेल ती उत्कंठा मला परकी वाटत नाही.

आपल्याकडच्या एका माणसाचं नावही याच तेजोमेघाशी जोडलेलं आहे, आणि ते पुण्यातल्या शाळकरी मुलांनासुद्धा ठाऊक असायला हवं. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींच्या देणगीतून उभी राहिलेली वेधशाळा त्यांनी चालवली. मृगाच्या तेजोमेघाच्या वर्णपटावरची त्यांची निरीक्षणं १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. त्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असते. विल्यम हगिन्स यांना १८६४ मध्ये दुसऱ्या एका तेजोमेघात ती प्रथम दिसली आणि तेव्हापासून ती कशाची, यावर वाद चालू होता. नॉर्मन लॉकियर तिचा संबंध मॅग्नेशियमशी जोडत, हगिन्सना ते मान्य नव्हतं. पृथ्वीवरचं कुठलंच मूलद्रव्य जुळेना, तेव्हा 'नेब्युलियम' नावाचं एक नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. उलगडा १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी केला. रेषा ऑक्सिजनची होती, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. तेजोमेघातला वायू इतका विरळ की तिथल्या अणूला दुसऱ्याची धडक बसायच्या आत निवांतपणे तो प्रकाश सोडता येतो. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत त्याला तेवढी उसंतच मिळत नाही.

माझ्या पेटीत एक फिल्टर आहे. तो प्रकाशाच्या दोनच अरुंद पट्ट्या आत सोडतो. एक हायड्रोजनची, ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी, दुसरी ५००.७ नॅनोमीटरची हिरवी. दुसरी म्हणजे तीच रेषा. नायगमवाला पुण्यात तिच्यावर डोळा रोखून बसले तेव्हा ती कशाची हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि आज तिच्या नावाची काच खोक्यात घालून टपालानं घरी येते. नायगमवालांची निरीक्षणं छापून आल्यावर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, टिळकांचं 'ओरायन' प्रसिद्ध झालं. वसंतसंपात मृगात होता त्या काळाच्या खुणा ऋग्वेदात शोधून वेदांचं वय ठरवू बघणारं पुस्तक. एकाच दशकात, एकाच नक्षत्राकडे, पुण्यातले दोन विद्वान दोन अगदी निराळ्या वाटांनी बघत होते. त्यांतल्या टिळकांच्या ग्रंथाची आठवण राहिली. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

फ्रेमकडे परत येते. तीन मिनिटांत तेजोमेघाचे पंख पसरलेले दिसत होते, पण गाभा पांढराफटक पडला होता. तिथे चार तरुण ताऱ्यांचा छोटा चौकोन आहे आणि त्यांतल्या सर्वांत तापलेल्या एकाच्या अतिनील किरणांमुळे हा सगळा पसारा उजळतो. गाभा आणि कडा यांच्या तेजात इतकं अंतर की एका उघडझापीत दोन्ही मिळत नाहीत. गाभ्यासाठी दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम वेगळ्या घ्यायच्या, कडेच्या धुरकट पदरांसाठी तीन मिनिटांच्या, भरपूर. भरपूर का, तर एका फ्रेममध्ये खरा प्रकाश आणि खरखर एकमेकांत मिसळलेली असतात. फ्रेम एकावर एक रचल्या की प्रकाश फ्रेमच्या संख्येइतका वाढतो, खरखर संख्येच्या वर्गमुळाइतकीच. चारपट रात्र जागलं की चित्र दुपटीनं स्वच्छ. या गणितात चलाखीला जागा नाही, वेळच द्यावा लागतो. मध्यरात्रीच्या सुमारास मृग मध्यावरून पश्चिमेला कलला आणि माउंटनं दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवून घेतली. पुढच्या फ्रेम उलट्या येऊ लागल्या. तोल नीट राहिला, वायर कुठे अडकली नाही. नव्या दुर्बिणीची त्या रात्रीची ही शेवटची परीक्षा.

तेराशे वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, असं या तेजोमेघाबद्दल नेहमी सांगतात. खरं आहे ते. पण मला त्याच्या वयापेक्षा त्याचं येणं जास्त भिडतं. तो काल रात्रीही आमच्या परसात पडत होता, तुळशीवर, वाळत घातलेल्या हळदीवर, गोठ्याच्या पत्र्यावर. दुर्बीण नसतानाही पडत होता. धोमच्या पाण्यावर, पाचगणीच्या टेबललँडवर, सुरूरच्या हायवेवरून धावणाऱ्या ट्रकांवर दर सेकंदाला पडतो आहे. ऐंशी मिलिमीटरच्या वर्तुळावर पडलेला तेवढा मी गोळा केला.

तो गोळा करणं दरवर्षी कठीण होतं आहे. आकाश किती काळं आहे हे मोजायला जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची पट्टी दिली. पहिली पायरी निखळ अंधाराची, नववी महानगराची. आमच्या लहानपणी इथली आकाशगंगा दाखवावी लागत नसे, ती दिसायचीच. आता पाचगणीच्या बाजूला उजेडाचा घुमट उभा असतो, उसाचं पाचट पेटलं की धूर तो उजेड सगळ्या खोऱ्यात पसरवतो, आणि वस्तीवस्तीवर पांढरे एलईडी दिवे आले आहेत. दिवे हवेतच, अंधारात पाय सापावर पडण्याची भीती मला ठाऊक आहे. पण दिव्याचं तोंड जमिनीकडे असलं, वर टोपी असली, तर रस्ता जास्त उजळतो आणि आकाश वाचतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती आपल्या महाराष्ट्रात. तिथे जमतं ते गावात जमणार नाही असं मी मानत नाही.

फ्रेम रचून तयार झालेलं चित्र आप्पांना दाखवलं. मध्ये मोतिया गाभा, भोवती हिरवट निळी झाक, मग तांबूस पंख, आणि त्यापलीकडे तपकिरी धूळ. बराच वेळ बघून ते म्हणाले, "ह्ये रंग तू भरल्यालं न्हाईत न्हवं?"

नाही भरले. डोळ्यांतल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, आणि हायड्रोजनचा तांबडा प्रकाश तर त्यांना जाणवतही नाही. रंग तिथे आहेत. आपल्याजवळ ते घ्यायची सोय नाही. मंद भाग उजळायचा किती, हे मात्र मी ठरवते, आणि तिथे माझा एक नियम आहे. एकाही फ्रेममध्ये जे आलेलं नाही ते चित्रात येता कामा नये. हल्ली तपशील आपल्या मनानं भरून देणारी सॉफ्टवेअरं आहेत. त्यांची चित्रं सुबक दिसतात आणि मला ती नको आहेत. ज्या धुळीच्या कडेसाठी मी थंडीत बसले ती कड धुळीचीच असली पाहिजे.

आप्पांसाठी मग कॅमेरा काढून आयपीस लावला. पांढुरका धूर आणि त्यात बारीक तारे, एवढंच त्यातून दिसतं. त्यांनी ते चित्रापेक्षा जास्त वेळ बघितलं.

आता पुढचं काम ठरलं आहे. मृगाच्या मधल्या त्या तीन ताऱ्यांतला पूर्वेकडचा, अल्निटाक. त्याच्या जरा खाली तांबड्या हायड्रोजनच्या पडद्यापुढे काळ्या धुळीचं एक घोड्याचं डोकं आहे. ते १८८८ साली हार्वर्डच्या एका प्लेटवर विल्यमिना फ्लेमिंग या बाईंना सापडलं. त्या आधी तिथल्या वेधशाळेच्या संचालकांच्या घरी कामाला होत्या. त्याच वेधशाळेला ताऱ्यांच्या वर्णपटांच्या कामासाठी ड्रेपरच्या विधवेनं, ॲना ड्रेपर यांनी, नवऱ्याच्या स्मरणार्थ पैसा दिला होता. अल्निटाक इतका ठळक आहे की दुर्बिणीच्या काचांत कुठे परावर्तन होत असेल तर त्याच्याभोवती उजेडाचं भलं मोठं कडं उमटतं आणि शेजारचं घोड्याचं डोकं त्यात बुडतं. नव्या भिंगांची ती कसोटी अजून बाकी आहे. त्यासाठी चंद्र नको, म्हणजे अमावस्येच्या आसपासच्या रात्री. नेमकी त्याच आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. आप्पा मोटार चालू करायला परसामागून जातील तेव्हा बॅटरी पायाशी धरायचं त्यांनी कबूल केलं आहे. अट एकच घातली आहे : घोडं गावलं तर दारं धरायला जायच्या आधी त्यांना हाक मारायची.